समोरची

आमच्या विभागाच्या परंपरा-समितीला परंपरेविषयी अपार आदर आहे. तो इतका आहे की परंपरा अजून जिवंत असून तिला गुडघेदुखी आहे, ही गोष्ट समिती सहसा मनावर घेत नाही. मी त्या समितीची सदस्य आहे. वस्त्रविद्येचा इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कुठेतरी बसवावं लागतं, तसं मला तिथे बसवलं आहे.

त्या वर्षी समितीने ठरवलं की याबे नदीकाठच्या कुरातोमी दुकानातील दुलईकामाला मानपदवी द्यायची. निवड योग्यच होती. हिवाळ्यात आमची घरं एका ठेंगण्या मेजाभोवती गोळा होतात. मेजाखाली शेगडी, मेजावर संत्री, आणि सगळ्यांच्या मांडीवर चहूबाजूंनी पसरलेली एकच दुलई. त्या मेजाला कोतात्सु म्हणतात. कुरातोमींची दुलई म्हणजे गाठी बांधून निळीत बुडवलेल्या सुताचं हातमागाचं कापड आणि आत पिंजलेला कापूस. हा कापूस मध्ये पातळ हवा, कारण वर मेजाची फळी बसते, आणि कडेला जड हवा, म्हणजे थंडी पायांपर्यंत पोचत नाही.

ही दुलई एकटीने होत नाही. खोळ उलटी अंथरायची, तिच्यावर कापसाचे पदर चढवायचे, कडा दुमडायच्या, आणि मग समोरासमोर बसलेल्या दोघींनी आपापले कोपरे धरून, एकाच श्वासात, सगळं गुंडाळत खोळ सुलट करायची. एकीने घाई केली तर कापूस तिच्याकडे सरकतो आणि दुसरीची बाजू कायमची गरीब राहते. पलीकडे बसणारीला या धंद्यात ‘समोरची’ म्हणतात. भांडणातही आमच्याकडे हाच शब्द वापरतात, सोंगट्यांच्या डावातही आणि लग्नातही.

चिझुरु कुरातोमी या दुकानाची सून. तिची समोरची म्हणजे तिची थोरली नणंद, इत्सुए. ती शेजारच्या गल्लीत दिलेली. या दोघींनी उभं आयुष्य एकमेकींकडे तोंड करून आणि एकमेकींच्या चुका काढत घालवलं होतं.

समितीचे अध्यक्ष प्राध्यापक इनादोमी यांनी जाहीर केलं की पदवी एकाच व्यक्तीला देता येते, म्हणून ती दुकानाच्या मालकिणीला, चिझुरुला, द्यावी. परंपरेला एक चेहरा लागतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं की या परंपरेला चार हात लागतात. त्यांनी हसून माझ्या मताची नोंद घेतली. आमच्या विद्वानांची एक खोड आहे. याच बायकांच्या अनामिकपणावर आम्ही पिढ्यानपिढ्या व्याख्याने झोडली. निनावी हातांचं सौंदर्य हा आमचा लाडका विषय होता, आणि तो मांडणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव मात्र मुखपृष्ठावर ठळक छापून घेतलं. आता तेच आम्ही एक नाव वाटायला निघालो होतो, आणि त्या एका नावासाठी दुसरं पुसायची आमची तयारी होती.

चिझुरुने होकार दिला. इत्सुएला ही बातमी मासेवाल्याकडून कळली. तिने हातातली दुलई पुरी केली, शेवटचा दोरा दाताने तोडला, एप्रन खुंटीला अडकवला आणि आता सगळं एकटीनेच कर, एवढं बोलून ती निघून गेली. चिझुरुने तिला थांबवलं नाही.

थंडी तोंडावर आली होती आणि पदवीआधी समितीसमोर एक दुलई भरून दाखवायची होती. चिझुरुने पलीकडचे दोन कोपरे खांबाला बांधून पाहिले. मी गेले तेव्हा ती त्या प्रयोगाचं फळ न्याहाळत बसली होती. दुलईला एका अंगाला पोट सुटलं होतं.

“खांब बरा,” ती म्हणाली, “निदान टोमणे तरी मारत नाही.”

मी तिला सरळ सांगितलं की पदवी नाकार. हा अपमान आहे, फक्त त्याला रेशमी फीत बांधली आहे. मी बराच वेळ बोलले आणि चांगलं बोलले. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

“तुमचं नाव पुस्तकांवर आहे, बाई,” ती म्हणाली. “माझं कुठे आहे? दुकानाच्या पाटीवर सासूचं. थडग्यावर आहे म्हणा, नवऱ्याच्या शेजारी, पण लाल रंगात. जित्या माणसाचं नाव लालच रंगवतात, आणि मी अजून मेले नाही ना. मेले की तो रंग खरवडतील, तेवढाच काय तो माझा समारंभ.”

ती मागत होती ते तिच्या हक्काचं होतं, आणि ते तिला इत्सुएच्या वाट्यातून काढून दिलं जात होतं. माझा समितीवरचा राग तेव्हापासून नीट जागेवर बसला आणि अधिक थंड झाला.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी समिती छायाचित्रकारासह आली. चिझुरुने ठेवणीतला किमोनो नेसला होता, बाह्या दोरीने मागे बांधल्या होत्या. तिने खोळ अंथरली. हातांत ताणून ताणून कापसाचे पदर एकावर एक घातले, कडा दुमडल्या. मग ती आपल्या दोन कोपऱ्यांपाशी बसली आणि तशीच बसून राहिली. इनादोमींनी घड्याळ पाहिलं आणि पुढचं दाखवायची विनंती केली. पलीकडे कुणीतरी लागतं, असं ती म्हणाली.

“त्यात काय,” इनादोमी म्हणाले. “आमचा मदतनीस धरेल की. फोटोत दिसणार नाही, चौकटीबाहेर बसेल.”

छायाचित्रकाराने चौकट कुठे संपते ते हाताने दाखवलं. चिझुरुने त्या जागेकडे पाहिलं. इत्सुएची चटई अजून तिथेच होती, बसून बसून मध्ये झिजलेली.

“चौकटीबाहेर कुणी बसायचं नाही,” ती म्हणाली. “तिथे काय वाटतं ते मला विचारा.” मग ती माझ्याकडे वळली. “बाई, वन्संना सांगा, कापूस घातलाय. फार वेळ राहिला तर दबेल.”

“आणि नावाचं?”

“दोन नावं. नाहीतर एकही नको.”

हे तिने समितीसमोर सांगितलं. तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. हात तिने कापसावर ठेवले होते.

इत्सुए आपल्या ओसरीवर सुकवायची पर्सिमन फळं सोलत होती. मी निरोप दिला. कोणी बोलावलं, तिने की तुम्ही, असं तिने विचारलं. तिने, मी म्हटलं, आणि दोन नावांचंही सांगितलं. इत्सुएने हातातलं फळ शेवटपर्यंत सोललं, साल तुटू दिली नाही.

“कोपरे भरलेत का तिने?”

मला ते कळत नाही, असं मी म्हटलं.

“भरले नसणार. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला कोपरे जमत नाहीत.” तिने सुरी पुसली आणि चपला घातल्या.

दुकानात येऊन तिने समितीला केलेला नमस्कार तोकडा होता. ती चटईवर बसली, दोन्ही कोपरे चाचपले आणि न बोलता त्यांत कापसाची एकेक चिमूट जास्तीची दाबली.

“खांबाने केलेली कुठे लपवलीस? गावभर झालंय.”

“मांजराखाली घातलीय, वन्सं.”

“मांजर तरी बसतं का तिच्यावर?”

चिझुरु हसली, आणि त्या हसण्याच्या शेवटच्या श्वासावरच दोघींनी खेचलं. कोण आधी, कोण नंतर, हे मला दिसलं नाही. दुलई उलटली आणि निळी बाजू वर आली. छायाचित्रकार यंत्र डोळ्याला लावायलाच विसरला होता. इनादोमींनी अत्यंत सौजन्याने विचारलं की या दोघींत मुख्य कोण म्हणायचं. दोघींनी मान वर न करता हनुवटीने एकमेकींकडे दाखवलं.

पदवी त्या वर्षी कुणालाच मिळाली नाही. नियमांत दोन नावांची तरतूद नाही असं आढळलं. ती करावी असा ठराव मी मांडला आहे, आणि मी दीर्घायुषी घराण्यातली असल्याचं समितीच्या कानावर घातलं आहे. चिझुरुने मात्र ठरावाची वाट पाहिली नाही. सासूची पाटी तिने आदराने उतरवून देवघराशेजारी ठेवली आणि सुताराकडून कोरी फळी करून आणली. तिच्यावर आधी कुणाचं नाव लिहायचं यावरून हिवाळाभर भांडण चाललं आहे. सून म्हणते, थोरल्यांचं आधी. नणंद म्हणते, दुकान तुझं, तुझं आधी. दुलया भरताना हा वाद रस्त्यापर्यंत ऐकू येतो. परवा गेले तेव्हा फळी अजून कोरीच होती. काळा रंग मात्र घोटून तयार होता.