उरलेला बोंबील

वत्सलाने पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली आणि पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. पिशवीला तिने दोन गाठी मारल्या होत्या, पण सुक्या बोंबलाला गाठीबिठी कळत नाहीत. पाच मिनिटांत बोईसरच्या त्या योगवर्गाच्या खोलीभर वास पसरला. शेजारी कारखान्याच्या गणवेशातला एक जण बसला होता. त्याने लांब श्वास घेतला आणि मित्राला म्हणाला,

"क्या बात है! खुशबू का भी इंतजाम किया है."

वत्सलाने मान आणखी खाली घातली.

ती काही नाटक बघायला आली नव्हती, खात्री करून घ्यायला आली होती. चार दिवसांपूर्वी दातिवऱ्यात शेजारच्या जमुनाने तिच्या कानावर घातलं होतं, "तुझी सलोनी एकटीच नाटक करते तिकडं. तुझी नक्कल करते गो, चालायची, बोलायची. लोकं पोट धरून हसतात." तेव्हापासून वत्सलाला घास गोड लागत नव्हता. आठ महिन्यांपूर्वी पोरीने कारखान्याच्या प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडली आणि बोईसरजवळ बेटेगावला मैत्रिणीबरोबर खोली घेतली. त्या दिवशी वत्सला रागाच्या भरात बोलून गेली होती, "जा, नाटकातच बांध आता घर!" त्यानंतर पोरीचा फोन यायचा आणि वत्सला तो वाजू द्यायची. रुसायला काही लागत नाही. रुसवा सोडायचा कसा, हेच तिला जमत नव्हतं.

पोरीला घराची लाज वाटते, ती आपल्या आईचं चारचौघांत हसं करते, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं आणि उठून साडेपाचची गाडी धरायची. मग फोनही नको आणि नावही नको. असं ठरवून निघालेली बाई सोबत दोन किलो बोंबील कशाला घेईल, हे तिला वाटेत कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. पडदा नव्हता. सलोनी आली ती साध्या सुती साडीत, हात हलवत. मधल्या मोकळ्या जागेत एक पाटसुद्धा नव्हता. तिने हवेत कडी काढली, उजवा खांदा लावला आणि दार रेटलं. एकदा रेटून उघडेना, तेव्हा खालच्या बाजूला टाचेने एक धक्का दिला.

वत्सला चपापली. आपल्या घराचं मागचं दार! खाली फुगलेलं, टाच मारल्याशिवाय न उघडणारं.

मग सलोनी आई झाली. कमरेवर हात, डोक्यावर पाटी, डावा पाय जरा ओढत चालणं. मांजरीला घातलेल्या शिव्यासुद्धा जशाच्या तशा. लोक खदखदून हसले. वत्सलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जमुना खरं बोलत होती तर. तिने पायाने पिशवी चाचपली.

शेजारचा गणवेशवालाही हसत होता. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

"अम्मा भी बिलकुल ऐसे ही बिल्ली को गाली देती है," तो मित्राला म्हणाला. "दो साल हो गए, गया नहीं घर."

वत्सलाने पदराआडून त्याच्याकडे बघितलं. कुठलं याचं गाव, कुठलं दातिवरं. त्याला आपल्यात त्याची आई दिसते म्हणजे काय, हे तिला कळेना, पण पिशवीवरचा पाय तिने काढून घेतला.

सलोनी आता पुन्हा लेक होऊन वलांडीशी आली होती. तिथे ना बांबू होते ना ताणलेल्या दोऱ्या, पण ती चवड्यांवर उभी राहून बोंबील वाळत घालू लागली, आणि वत्सलाला दोरी दिसायला लागली. पाटीतून दोन ओले बोंबील उचलायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. हात सफाईने चालला होता. विसरली नाय कार्टी, वत्सला मनात म्हणाली.

शेवटी पाटीत एकच बोंबील उरला. सलोनीने तो एकटाच दोरीवर टाकला. तो घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तिने तो अलगद ठेवला, आणि तरीही तो पडला. तिने वाकून उचलला, वाळू झटकली आणि रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली,

"आई, एक उरला आहे गं."

भिंतीशी दिव्याच्या बटणावर बोट ठेवून तात्या उभे होते. योगवर्ग त्यांचाच.

"अगं येडे, एकटा कसा ऱ्हाईल तो? जोडी लाव ना!"

आपणच ओरडलो हे वत्सलाला सगळ्या माना वळल्यावर कळलं. कुणीतरी हसलं. सलोनी जागच्या जागी उभी होती, बोंबील धरलेला हात तसाच वर.

"दुसरा नाय गो माझ्याकडं," ती म्हणाली. मघाचं घासूनपुसून बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"थांब. पाडू नको."

वत्सला उठली. दोन किलो बोंबील खुर्चीखालीच राहिले; सुक्याची जोडी कुठे लागते! ती मध्ये गेली, नसलेल्या पाटीत वाकली, तळाशी हात घालून एक उचलला, पाणी निथळू दिलं. अंगठ्याने जबडा उघडला. सलोनीने आपला पुढे केला. चार हातांनी ती जोडी लागली. वत्सलाने ती दोरीवर टाकली आणि दोन्ही बाजू सारख्या लोंबतात का, ते मागे सरून बघितलं.

सलोनी रडत होती आणि हसत होती. तात्यांनी दिवा घालवायचा तो घालवलाच नाही.

टाळ्या थांबल्यावर ते जवळ आले. "बाई, रोज हिथंच संपतं. ही विचारते, उत्तर येत नाय, मी काळोख करतो. आज बोट हाललंच नाय माझं."

वत्सलाने पोरीच्या साडीची निरी सारखी केली.

"सोमवारी मोकळी हायस का?"

"आई, मी नाटक नाय सोडणार."

"सोड कोण बोलतंय? वलांडी भरायची हाय. माझे दोनच हात पुरत नाय."

"येते," सलोनी म्हणाली. "पहिल्या गाडीनं येते."

वत्सला पिशवी घ्यायला वळली. खोली रिकामी झाली होती, मधली फरशी मोकळी होती. निम्म्या वाटेत तिने पदर सावरला, मान खाली घातली आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेली. तिच्या मागोमाग सलोनीही वाकली.