साडेअकराचा आकडा

मला शुगर आहे. आहे तर आहे, त्यात लाजायचं काय? पण शुगर असणं वेगळं आणि आपल्याच घरात चोरटी ठरणं वेगळं. तीन महिने मी चोरटी होते.

मी लाँड्रीत इस्त्रीवर आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, दहा ते सहा उभ्याने. आमचे हे शाळेची बस चालवतात. सकाळची फेरी आटोपून दहाला घरी येतात, दीडला पुन्हा बाहेर पडतात. लेक लग्न होऊन गेली, घरात आम्ही दोघंच. माझी शुगर निघाली तेव्हा ह्यांनीच मशीन आणून दिलं. "आता तुझ्यावर माझं बारीक लक्ष," म्हणाले. मला मेलीला केवढं बरं वाटलं होतं!

रोज सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवल्यावर दोन तासांनी मी बोट टोचायची आणि आकडा वहीत लिहायची. सुरुवातीला एका बोटाला एकशे अठरा आणि लगेच दुसऱ्या बोटाला एकशे एकतीस आलं, तर मी घाबरून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे धावले. तो हसला. "ताई, दहा-पंधराचा फरक पडायचाच. एकच थेंब दोनदा तपासला तरी आकडा तोच येईल असं नाही. हात साबणाने धुवा, कोरडे करा, मगच टोचा. फळ चिरलेल्या हाताने टोचलंत तर फळाची साखर मोजली जाईल. बोट पिळू नका. पट्ट्यांची डबी शेगडीजवळ ठेवू नका, झाकण घट्ट लावा." हे सगळं मी पाळलं. आकडे कसे छान सरळ यायला लागले, एकशे वीस, एकशे पंचवीस. वही घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले ती अगदी ऐटीत. हे सोबत होते.

बाईंनी वही पाहिली, मग मशीनचं बटण दाबलं. "वहीत एकशे वीस-पंचवीस, आणि मशीनची महिन्याची सरासरी एकशे ऐंशी? चांगले तेवढेच आकडे उतरवता का?"

"नाही हो बाई, येतो तोच लिहिते."

"मग मशीनमध्ये दोनशे नव्वद कुठून आले?"

मी काय सांगणार कपाळ! शेजारून हे हळूच म्हणाले, "गोडाचा मोह आवरत नाही हो तिला." आणि असे हसले, जसं काही लहान मुलाची खोडी सांगतायत. माझे कान तापले. बाईंनी गोळी वाढवली.

त्या दिवसापासून घरात माझी झडती सुरू झाली. चहात साखर घातलीस का? पर्समध्ये काय आहे? पट्ट्या इतक्या लवकर कशा संपल्या, धड टोचताही येत नाही का? लेकीचा फोन आला, "आई, अगं असं चोरून काय खातेस?" म्हणजे तिच्यापर्यंतही पोचवलं होतं! आणि खरं सांगू, मलाच माझा भरवसा वाटेना. इतकी माणसं म्हणतायत तर आपण नकळत तोंडात टाकत असू. शेवटी एक दिवस मी ह्यांच्यापुढे रडले, चुकलं म्हटलं, आणि बिस्किटांच्या कपाटाची किल्ली ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती घेतली आणि खिशात टाकली.

वाढलेल्या गोळीने दोन आठवड्यांतच इंगा दाखवला. इस्त्री हातात आणि समोरची चादर हलायला लागली. घामाने भिजले, टेबलावर कलंडले. घड्या घालणारी बाई धावली, तिने इस्त्री हातातून काढून घेतली म्हणून हात भाजला नाही. साखरेचं पाणी पाजलं तेव्हा कुठे डोळ्यांपुढचा अंधार गेला. घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणतात, "खाण्यापिण्याचं असं वेडंवाकडं केलं की हे होणारच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी चोरून खात असते तर शुगर इतकी उतरली कशी असती? हे मशीनच बिघडलेलं असणार! दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता ते औषधवाल्याच्या काउंटरवर आपटलं. त्याने माझं बोट टोचून दोन मशीनवर पाहिलं. माझ्यावर एकशे चार, त्याच्यावर एकशे नऊ.

"मशीन ठणठणीत आहे, ताई," म्हणत तो बटणं दाबत मागचे आकडे बघत गेला आणि एकदम थांबला. "साडेअकराच्या सुमाराला तुम्ही रोज काय खाता हो?"

"साडेअकराला? तेव्हा मी कामावर असते."

"आणि मशीन?"

"घरी."

त्याने मशीन माझ्याकडे वळवलं. अकरा बत्तीस, दोनशे एक्क्याण्णव. अकरा अठ्ठावीस, तीनशे चार. रविवार सोडून रोज. बिचारा औषध शोधायचं निमित्त करून आत गेला.

मी कामावर गेलेच नाही. हे यायच्या आत मशीन घरी जागेवर ठेवलं आणि वरच्या मजल्याच्या जिन्यात बसून राहिले. साडेअकराला दार ढकललं. हे टेबलाशी बसले होते, बोटावर रक्ताचा थेंब.

"किती दिवस?" मी विचारलं.

"अगं, ऐक तरी. वर्षाची तपासणी जवळ आलीय. शुगर निघाली तर बसवरून उतरवतील मला. म्हटलं, घरच्या घरी आटोक्यात आणावी..."

"मग मला सांगायचं होतं!"

"तुझ्या पोटात काही राहतं का?"

मला रडावं की ओरडावं कळेना. दोन्ही केलं. "तुमच्या आकड्यांवर मी गोळ्या गिळत होते! भर कामात कोसळले मी! लेकीसमोर मला चोर केलंत! मी रडून माफी मागितली तेव्हा तरी बोलायचं! केसाने गळा कापलात माझा."

ह्यांनी बोटावरचा थेंब पुसला. मग म्हणाले, "गुरुवारी डॉक्टरीणबाईंना मी स्वतः सांगतो. शपथ." मी म्हटलं, ठीक आहे. सत्तावीस वर्षांचा संसार आहे, माणूस भितो, चुकतो. तो स्वतःच्या तोंडाने सांगणार असेल तर मी बोलायचं नाही. मधले तीन दिवस मी लेकीलासुद्धा काही सांगितलं नाही. पोटात ठेवलं.

गुरुवारी बाईंनी बटण दाबलं आणि ओठ आवळले. "अजून एकशे सत्तर. ही गोळी पुरत नाही, दुसरी जोडावी लागेल." त्यांनी पेन उचललं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. पेन कागदावर टेकलं. माझं नाव लिहून झालं, गोळीचं लिहायला सुरुवात झाली. मी कोपराने ह्यांना ढोसलं.

"हो," हे घसा खाकरून म्हणाले, "मी ठेवतो ना हिच्यावर लक्ष."

मला वाटलं होतं मी रडेन. पण रडू आलं नाही. नुसतं गार वाटलं.

"बाई, तो कागद फाडा," मी म्हटलं. "नवा घ्या. वर ह्यांचं नाव लिहा. वय बावन्न. साडेअकराचे सगळे आकडे ह्यांचे आहेत, मी तेव्हा कामावर असते. शाळेची बस चालवतात, तेही लिहा."

बाई आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघायला लागल्या. मग त्यांनी खणातून सुई काढली.

"अगं, नोकरी जाईल माझी," हे पुटपुटले.

"जाईल," मी म्हटलं. "हात पुढे करा."