‘एकहाती’

जेवणाची सुट्टी संपत आली होती, पण विमा कंपनीच्या कचेरीत अप्पांच्या धाकट्या मुलीचा डबा तसाच उघडा पडला होता. आत्ताच एका संस्थेच्या चिटणिसांचा फोन येऊन गेला होता.

"तुमच्या वडिलांचा सन्मान करायचं ठरलंय. प्राकृत भाषेचा एवढा मोठा शब्दकोश एकहाती रचणारा माणूस! ऑनलाइन विश्वकोशात वाचलं आम्ही. मानपत्रातही तेच वाक्य घेतोय."

ते वाक्य धाकटीनेच लिहिलं होतं.

विश्वकोशात अप्पांवर जेमतेम दोन ओळी होत्या. नटनट्यांवर पानंच्या पानं आणि जन्मभर भाषेत बुडालेल्या आपल्या बापावर दोन ओळी! तिच्या जिवाला लागलं. बसली आणि सगळं लिहून काढलं. लिहिण्याच्या भरात ‘एकहाती’ हा शब्द पडला. पुढे कुणा वाचकाने पानाला जोडलेल्या चर्चेत ‘याला आधार काय?’ असं विचारलं, तेव्हा तिने मुकाट्याने तो प्रश्नच पुसून टाकला. अर्धा कोश शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी रचला होता, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण बाई वारल्या होत्या. विचारायला येणार कोण?

आता तेच छापलं जाणार होतं!

घरी येऊन तिने सन्मानाचं सांगितलं, तेव्हा अप्पांचा चेहरा असा खुलला की तिला पुढे बोलवेना.

"काय लिहिलंय गं माझ्यावर? वाच की." अप्पांना आताशा दिसत नसे.

ती वाचू लागली. तो शब्द आला तशी तो गिळून पुढे सरकली.

"थांब. वाक्यातलं काहीतरी खाल्लंस. परत वाच."

तिने वाचलं. अप्पांच्या कपाळावर आठी आली.

"आणि बाई कुठे गेल्या?"

"अप्पा, त्यांच्याकडचं आता कोण…"

"कोण नाही म्हणून त्यांचं कामही नाही? कुणी लिहिलं हे?"

"मी." ती घाईने पुढे म्हणाली, "पण आता बदललं तर सन्मान जाईल हो!"

अप्पा म्हणाले, "हवा होता गं मला. खोटं कशाला बोलू? एकदा तरी चार लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, असं वाटतंच माणसाला. पण उद्या एखादा विद्यार्थी हे उचलेल, त्याच्याकडून दुसरा. काही वर्षांनी बाई या जगात होत्या की नाही, हेच कुणाला कळणार नाही! माझं कौतुक कर, खुशाल कर. त्यासाठी दुसऱ्याला पुसू नकोस."

धाकटीला स्वतःचीच लाज वाटली. कोशाच्या प्रस्तावनेत अप्पांनी बाईंचं काम स्वच्छ मांडलं होतं. तिने त्याचा आधार देऊन वाक्य दुरुस्त केलं. चर्चेत पुसलेला प्रश्न परत आणला आणि खाली लिहिलं, ‘मी त्यांची मुलगी. चूक माझी.’ मग चिटणिसांना फोन लावून खरं काय ते सांगितलं.

"असं होय," ते थंडपणे म्हणाले. "कळवतो."

फोन वाजला की ती धावत जाऊन उचलायची. अखेर समजलं, संस्थेने दुसऱ्याच कुणाला निवडलं. त्या संध्याकाळी अप्पा अर्धवटच जेवले.

आणि मग एक दिवस पानाच्या चर्चेत कुणीतरी लिहिलेलं तिला दिसलं. तिने ते अप्पांना वाचून दाखवलं: ‘मी बाईंची भाची. मावशी शाळेत शिकवायची, एवढंच आम्हाला माहीत होतं. आज माझ्या मुलांना हे पान दाखवलं.’

"पुन्हा वाच," अप्पा म्हणाले. तिसऱ्यांदाही त्यांनी वाचायला लावलं. मग डोळे पुसत म्हणाले, "भाचीला विचार, बाईंची आणखी काय माहिती आहे. त्यांचं वेगळं पान व्हायला हवं. आणि या वेळी लिहिण्याआधी आधार शोध!"

वाचकहो, विश्वकोश कुणीही लिहू शकतं, म्हणूनच तो आपल्या सर्वांच्या भरवशावर चालतो. आपल्या माणसाविषयी जरूर लिहा. पण त्याच्या शेजारी जो उभा होता, त्याचं नावही तितक्याच प्रेमाने लिहा.