तीनदा विचारायचं

माझ्या नणंदेला काहीही खायला घालायचं असेल तर तीनदा विचारावं लागतं. पहिलं ‘नको’ रीत म्हणून, दुसरं लाजून, आणि तिसऱ्याला, "बरं, अगदी चवीपुरतं." हे चवीपुरतं म्हणजे दोन वाट्या. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. तरीही आम्ही परदेशी सहलीला गेलो, त्याच्या महिनाभर आधी मी ताईंना एक गोष्ट एकदाच विचारली होती, मुद्दाम.

ती गोष्ट खाण्याची नव्हती. ताई एकट्या राहतात. त्यांचा घरमालक घर रिकामं करून मागत होता आणि आमच्याकडे वरची खोली होती. रिकामी नव्हे हं. तिथे माझी दोन शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि अर्ध्या गावाचे ब्लाउज नांदत होते. नवरा म्हणाला, "ताईला विचार, आपल्याकडे येतेस का राहायला." ताई आलेल्या असताना मी स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होता होता विचारलं. त्या म्हणाल्या, "नको गं, तुझं शिवणकाम कुठे नेशील?" मी म्हटलं "बरं", आणि गॅस बंद केला. नवऱ्याला कळवलं, ताई नको म्हणतात. पुरुषांना एवढं पुरतं.

मन खात राहिलं थोडं, नाही असं नाही. त्यांना परदेशी न्यायची टूम मीच काढली ती त्यापायीच. पाप धुवायला लोक तीर्थाला जातात, मी विमानाने गेले. शिवाय फिरून ताजंतवानं झाल्यावर त्या स्वतःच दुसरीकडे घर शोधतील, असा माझा हिशेब होता.

तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसत्या खाण्याच्या गाड्या. निखाऱ्यावर कणसं, तव्यावर पातळ धिरड्यासारखं काहीतरी आणि त्यात केळं नि चॉकलेट, कढईत फुगणारे गोळे. गाडीवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला चव बघायला काडीला टोचून तुकडा पुढे करत. ताई हसून हात हलवायच्या, "नो, नो." आणि तो गाडीवाला खुशाल तुकडा मागे घ्यायचा! ताई तिथेच रेंगाळायच्या, आता पुन्हा विचारेल म्हणून. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असायचा.

आम्ही विचारावं, तर नवरा कणीस खाण्यात गर्क आणि मी फोटो काढण्यात. पहिले दोन दिवस ताईंनी हॉटेलच्या खोलीत घरून आणलेल्या चिवड्यावर काढले. बाहेर माझ्या ताटलीकडे अशा बघत बसायच्या की मला घास गिळवेना. दुसऱ्या संध्याकाळी त्यांचा पारा चढला. "काय माणसं आहेत ही! एकदा नको म्हटलं की नकोच धरून चालतात. मनातलं ओळखायला नको?"

मला जोराचा ठसका लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शिकवणी घेतली. स्वतःचा जेवायचा प्रश्न होता, दुसरं काही नाही. "ताई, इथे कोणी आग्रह करत नाही. हवं असेल तर येस म्हणायचं. एकदाच आणि ताबडतोब."

"अगं, हावरटासारखं?"

"अगदी हावरटासारखं."

पलंगावर बसून मी गाडीवाली झाले आणि बिस्किट पुढे केलं. चार वेळा त्यांचा हात नकाराला उठला. पाचव्या वेळी डोळे घट्ट मिटून त्या म्हणाल्या, "येस."

मग काय, बांधच फुटला. त्या धिरड्याला येस, कणसाला येस, आइस्क्रीमवर वरून आणखी काय घालू म्हणून विचारणाऱ्या मुलीला तर तीनदा येस. बासष्ट वर्षांचा अनुशेष ताई भर रस्त्यात भरून काढत होत्या. नवरा पाण्याची बाटली आणि कागदी रुमाल घेऊन मागून करवलीसारखा चालत होता. मला माझ्या शिकवणीचं भारी कौतुक वाटत होतं. मूर्ख बाई.

शेवटच्या दुपारी आम्ही दोघी एका बाकावर बसलो होतो. नवरा पाणी आणायला गेलेला. कागदी ताटलीत पाकातले, तीळ लावलेले सहा गरम गोळे. ताईंनी तिसरा संपवला, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "वरची खोली मला हवी."

मी बोटाचा पाक ताटलीच्या कडेला पुसला.

"तुझं टेबल खिडकीशीच राहू दे. माझी कॉट आतल्या भिंतीला लावू. मशीनचा आवाज मला चालतो, फक्त दुपारी दोन ते चार बंद."

"पण तुम्ही तर नको म्हणालात," मी म्हटलं. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

"म्हणाले. एकदा." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू पुन्हा का नाही विचारलंस?"

कुकर, गॅस, घाई, सगळी कारणं जिभेवर आली. ती सोडून दिली. "कारण तुम्ही हो म्हणाला असता," मी म्हटलं.

"वाटलंच मला." त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. "दोन दिवस फोन उशाशी घेऊन झोपले. म्हटलं, आता करेल, मग करेल."

मला माझी लाज वाटली, सरळ सांगते. सोळा फुटांच्या खोलीसाठी मी या बाईला दोन दिवस फोनकडे बघत बसवलं होतं. "या ताई," मी म्हटलं, "परत गेलो की लगेच सामान आणू." त्यांनी मान डोलावली, आढेवेढे न घेता.

बोलता बोलता ताटलीत एकच गोळा उरला होता. पाकात मुरून तो चांगला टम्म झाला होता. ताईंनी ताटली माझ्यापुढे धरली. "घेतेस?"

मला हवा होता. पण तोंडातून सवयीने गेलं, "नको, तुम्ही घ्या."

"बरं," ताई म्हणाल्या, आणि गोळा उचलून तोंडात टाकला.