चौऱ्याऐंशी किलो

झेन्झीच्या स्कीच्या दुकानात रोमेडकाकांनी फॉर्मवर वजनाच्या रकान्यात चौऱ्याऐंशी लिहिलं, खाली जोरात रेघ ओढली आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला.

"बाइंडिंग ते मोठं दे. आठ ते अठरावालं. बाकीची खेळणी पाहुण्यांना वीक."

झेन्झीच्या हातात त्यांचा बूट होता. त्याची कडी दरवर्षी दुसऱ्या दातावर बसायची. आज ती शेवटच्या दातावर होती आणि बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबलेले होते.

या खोऱ्यात फॉर्मवर सगळेच थापा मारतात. पाहुण्या बायका पाच किलो सरळ गिळतात. पुरुष वजन खरं लिहितात, पण पुढे स्वतःला 'तरबेज' लिहून मोकळे होतात. झेन्झी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू पिळायची; आकडा जितका मोठा, तितकी पकड घट्ट. रोमेडकाकांच्या फॉर्मवर मात्र बावीस वर्षांत तिला असलं काही करावं लागलं नव्हतं. चार वर्षांची असताना तिला त्यांनीच स्कीवर उभं केलं होतं. तिलाच कशाला, निम्म्या गावाला.

"काका, जरा काट्यावर उभे राहा."

"का? मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"पोतं असतं तर ऐकलं असतं."

ते हसले, पण जागचे हलले नाहीत.

"बाइंडिंगला तुमची कीर्ती कळत नाही," झेन्झी म्हणाली. "त्याला वजन कळतं. तुम्ही पडलात आणि ते सुटलं नाही, तर पाय मोडेल."

"आणि भलत्या वेळी सुटलं तर? उभ्या उतारावर पायातली स्की गेली की माणूस थेट खाली ओढ्यात. मी चाळीस वर्षं नऊवर पिळून ठेवलंय, उगाच नाही."

दोन्ही खरं होतं. झेन्झीने उठून दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि येऊन काट्याशेजारी उभी राहिली. शेवटी काकांनी खाली वाकून पायातले साधे बूट काढले.

काटा चौसष्टवर थांबला.

"पोटात गाठ आहे," ते काट्यावरूनच म्हणाले. "ऑगस्टपासून इन्सब्रुकच्या इस्पितळात जातोय. डॉक्टर म्हणतात, या हिवाळ्यात खुशाल स्की करा. पुढच्या हिवाळ्याचं ते काही बोलले नाहीत."

"काकूंना माहीत आहे?"

"तिला सांगतो, दर मंगळवारी डेअरीची बैठक असते. बिचारीची समजूत झालीय, डेअरी बुडायला आली." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "कळलं तर घरात बसवून सूप पाजत राहील, झेन्झी. आणि तिचा रडका चेहरा मला बघवत नाही."

झेन्झीचे डोळे भरून आले. तिने ते बाहीला पुसले आणि तक्ता पुढे ओढला. वय, वजन, बुटाच्या तळाची लांबी. आकडा आला पाच. मोठं बाइंडिंग आठाच्या खाली उतरतच नव्हतं. ते तिने फळीवर परत ठेवलं आणि दुसरं काढलं, चार ते बारावालं.

"याची टाच सगळी धातूची आहे. किरकोळ दणक्याने सुटत नाही. उतारावर दगा देणार नाही, माझा शब्द."

काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "क्लबातले विचारतील, हे काय लावलंस म्हणून."

"सांगा, झेन्झीकडची मोठी संपली."

"हंगाम सुरू व्हायच्या आधीच? दुकानाची अब्रू जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी मान डोलावली. मग आवाज उतरवून म्हणाले, "चिठ्ठी मात्र चौऱ्याऐंशीची कर. नेहमीसारखा नऊ आकडा घाल. स्की न्यायला फिलोमेनाच येईल, आणि ती औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचते."

झेन्झीने स्क्रू पाचवर आणले आणि चिठ्ठीत नऊ लिहिलं. बावीस वर्षांत तिच्या हातून गेलेली ही पहिली खोटी चिठ्ठी. काकांनी खाली झोकात सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिलोमेनाकाकू आल्या. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली आणि मग स्कीवर वाकल्या. बाइंडिंगच्या चिमुकल्या खिडकीत लाल खूण पाचवर होती. काकूंनी त्या काचेवरून नख फिरवलं. झेन्झी फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेलं काउंटर पुसू लागली.

"पाचवर नीट सुटेल ना गं?"

झेन्झीचा हात थांबला. "सुटेल, काकू."

"आणि भलत्या वेळी नाही ना सुटायचं?"

"नाही. मी तीनदा यंत्रावर तपासलंय."

"मग झालं." काकूंनी चिठ्ठीची व्यवस्थित घडी केली. "त्याच्या पँटी चार वेळा कमरेत आत घेतल्या मी. तो बैठकीला गेला की शिवायला बसते. काल मला म्हणतो, बघ फिलोमेना, तीस वर्षांत माप बदललं नाही माझं."

झेन्झीने फडकं खाली ठेवलं.

काकूंनी स्की खांद्यावर घेतल्या. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या, नाकावरचा चष्मा काढून त्यांनी कोटाच्या खिशात टाकला.

"तो तुला विचारेल, मी चिठ्ठी वाचली का म्हणून. सांग, काकू चष्मा घरी विसरल्या होत्या."