सपाट रेघ

"नाव बघून मत द्यायचं नाही. कागदावर आहे तेवढंच वाचायचं आणि तेवढ्यालाच गुण द्यायचे. मायेचं माणूस आहे की डोक्यात जाणारं, असं मनात आलं, तर उठायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचं."

बाईंचं हे सांगणं पंधरा वर्षांनंतरही तिच्या कानात बाईंच्याच आवाजात होतं. तेव्हा ती बाईंची विद्यार्थिनी होती. टेकडीवरच्या लहान दुर्बिणीवर त्यांच्या हाताखाली ताऱ्यांचं तेज मोजायला शिकत होती. पुढे ती दूरच्या दीर्घिकांकडे वळली, खालच्या मुख्य इमारतीत तिला खोली मिळाली, दारावर पाटी लागली. बाई वरच राहिल्या.

त्या वर्षी विज्ञानखात्याने संस्थेच्या निधीला मोठी कात्री लावली. आधी कॉरिडॉरमधले एकाआड एक दिवे निघाले. मग चहाचं यंत्र गेलं. मग संचालकांचं पत्र आलं, की यापुढे कुठलंही काम आपोआप चालू राहणार नाही. प्रत्येकाने प्रस्ताव द्यायचा आणि प्रस्ताव देणाऱ्यांनीच एकमेकांचे प्रस्ताव तपासायचे. नावं झाकलेली. ओळख पटेल असं काही लिहिलं तर प्रस्ताव बाद. यादीत शेवटची दोन येतील ती कामं बंद.

"म्हणजे एकमेकांचे गळे तुम्हीच कापायचे आणि वर हातमोजे घालायचे," तिचा नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. "आम्ही निदान भूल तरी देतो."

तिच्या वाट्याला सात प्रस्ताव आले. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून ती वाचायला बसली. नावं झाकली तरी माणसं थोडीच झाकली जातात. 'आमच्या चमूने यापूर्वीच दाखवल्याप्रमाणे' म्हणणारा कोण, एका पानात चार वेळा 'क्रांतिकारी' लिहिणारा कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. सहा जण तिने ओळखले आणि सहा वेळा उठून पाणी प्यायली.

सातवा काही ओळखू येईना. लक्ष्य 'अ' नावाचा एक तारा. जोडतारा आहे, एवढंच. त्याचं सलग मोजमाप चालू ठेवावं, येती दोन वर्षं विशेष महत्त्वाची आहेत. का महत्त्वाची, ते लिहिलेलं नाही. दुर्बीण कुठली, केवढी, तेही नाही. सोबत एक आलेख. वर्ष एक ते वर्ष पंचवीस, ठिपक्यांची एक सरळ आडवी रेघ. ना चढ, ना उतार.

बाई तिच्या मनात आल्या नाहीत असं नाही. बाईंचाही एकच तारा होता. सत्तावीस वर्षांतून एकदा त्याचा काळोखा जोडीदार त्याच्यासमोर येतो आणि जवळजवळ दोन वर्षं त्याचा अर्धा उजेड अडवून धरतो. मागच्या खेपेला बाई नव्याने रुजू झाल्या होत्या. दुर्बिणीचा आरसा मुलाम्याला पाठवलेला, तो परत यायला एक वर्ष लागलं आणि ग्रहणाचा पहिला अर्धा भाग हातचा गेला. तेव्हापासून बाई पुढच्या ग्रहणाची वाट बघत होत्या. पण बाईंच्या आलेखात सुरुवातीलाच मोठा खड्डा होता, अर्ध्या मिळालेल्या ग्रहणाचा. इथे खड्डा नव्हता. शिवाय, "मला म्हातारीला कोण विचारतंय, माझं आपलं चालू राहील," असं बाईच म्हणाल्या होत्या. तेव्हा हा कुणी दुसराच असणार.

तिने दहापैकी दोन गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं: 'पंचवीस वर्षांच्या मोजमापातून एक सपाट रेघ निघाली आहे. ती आणखी दोन वर्षं लांबवून शास्त्राच्या हाती काही लागणार नाही आणि इथेच थांबवल्याने काही निसटणारही नाही.'

हे वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं. नवऱ्याला तिने ते वाचून दाखवलं.

"मुळासकट आलाय," तो म्हणाला.

दहा दिवसांनी यादी लागली. तिचं काम शेवटच्या दोनांच्या बरोबर वर होतं, अगदी काठावर. पण तरलं होतं. दक्षिण गोलार्धातल्या मोठ्या वेधशाळेत दोन वर्षं, ज्यासाठी तिने नऊ वर्षं अर्ज केले होते. तिने यादीसमोरूनच नवऱ्याला फोन लावला. मग खालची दोन नावं वाचली. शेवटचं होतं, 'लहान दुर्बीण'.

तरीही तिच्या डोक्यात उजेड पडला नाही. तो बाईंनी आणून दिला.

"घुबडे, आहेस का आत?"

बाई तिला पहिल्या वर्षापासून घुबडच म्हणत. त्या हातात एक कागद घेऊन आल्या आणि मान तिरकी करून खुर्ची शोधत बसल्या. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडले होते. बघायचं ते सोडून आजूबाजूचं सगळं दिसे. मोजमाप यंत्रच करायचं, म्हणून काम अडलं नव्हतं.

"हे वाच जरा मला. लिपिकाने वाचलं, पण त्याला काही कळत नाही, शेवट खाऊन टाकतो."

तिने कागद घेतला. आपलं वाक्य तिने मोठ्याने वाचलं. आवाज कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"लिहिणारा हुशार आहे," बाई म्हणाल्या. "कसं घासून पुसून ठेवलंय बघ. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"बाई, तुम्ही ग्रहणाचं लिहिलं नाहीत?"

"कसं लिहिणार? सत्तावीस वर्षांनी ग्रहण लागणारा तारा तो एक आणि त्याच्या मागे लागलेली वेडी मी एक. लिहिलं काय आणि खाली सही केली काय, सारखंच. आलेखातला तो खड्डासुद्धा कापून टाकला मी. नियम म्हणजे नियम."

"बाकी सगळ्यांनी खुणा सोडल्या होत्या."

"त्यांनी शेण खाल्लं म्हणून मी खाऊ?" बाईंनी कागद परत घेतला, चार घड्या केल्या. "मोठ्या दुर्बिणींना तो तारा सोसत नाही गं, कॅमेरे दिपतात त्यांचे. आपली बारकी होती म्हणून चाललं. आता पाच महिन्यांवर ग्रहण आलं आणि ह्या माणसाने दार लावलं. कोण असेल, तुला काय वाटतं?"

तिने टेबलावरचे कागद सरळ केले.

"मला वाटतं, कृष्णविवर."

तिसऱ्या मजल्यावरच्या एका सहकाऱ्याला सगळे कृष्णविवर म्हणत, कारण त्याच्या जवळून गेलेला निधी पुन्हा बाहेर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"त्यालाच अशी वाक्यं सुचतात," बाई म्हणाल्या. "नाही का?"

"असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आवाज न चढवता बोलल्या, म्हणून शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. त्याची बायको आजारी असताना त्याच्या मुलाला तीन महिने आपण जेवू घातलं, ते काढलं. त्याला भित्रा म्हणाल्या, तोंड लपवणारा म्हणाल्या. तो बिचारा चमचा हातात धरून "अहो ताई, मी नाही, देवाशपथ मी नाही," म्हणत राहिला. एरवी तो इतक्या वेळा खोटं बोलला होता, की खरं बोलताना त्याला कुणी ओळखलं नाही. त्या दिवसापासून त्याच्या टेबलावर कुणी ताट ठेवीना. तीही नाही.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, ती संचालकांकडे गेली.

"सातव्या प्रस्तावाचे गुण मला बदलायचेत, सर. माझी चूक झाली."

"गुण आता देवालासुद्धा बदलता येणार नाहीत," संचालक म्हणाले. "सोमवारी अकराला सही करून आदेश खात्यात जाणार. एक वाट आहे, पण. तोवर वरचं कुणी आपण होऊन मागे फिरलं, तर खालचं एक वर सरकतं. लहान दुर्बिणीला खर्च कमी, म्हणजे तीच सरकेल. काठावर कोण बसलंय, ते मी तुला सांगायला नको."

तिने टेबलावरच्या काचेखालचं जुनं कॅलेंडर वाचलं.

"आणि ते सपाट रेघेचं तुझंच ना? आदेशात जसंच्या तसं टाकलंय. खात्यातले साहेब खूष आहेत. म्हणाले, तुमचे शास्त्रज्ञ स्वतःच असं लिहीत असतील, तर आम्हाला वाईटपणा नको."

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

शनिवारभर तिने विचार केला. रविवारीही केला. नवऱ्याने दवाखाना दोन वर्षांसाठी मित्राला चालवायला द्यायचं ठरवलं होतं, तो दोघांच्या बॅगा वजन करून बघत होता. सोमवारी सकाळी ती कामाला आली, खोलीचं दार लावून बसली आणि साडेअकरापर्यंत विचारच करत राहिली.

महिनाअखेरीला दुपारी ती टेकडीवर गेली. तंत्रज्ञांनी घुमटाची मोटर काढून नेली होती. बाई जमिनीवर बसून मोजमापाच्या वह्या खोक्यात भरत होत्या. वहीवरचं वर्ष डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून पुठ्ठ्याच्या जाडीवरून ओळखत होत्या.

"बाई, ते वाक्य माझं होतं."

बाईंनी हातातली वही खोक्यात ठेवली. दुसरी उचलली.

"कुठलं?"

"सपाट रेघेचं. मला कळलं नाही तुमचं आहे म्हणून. तुम्ही खड्डा कापला होता."

बाईंनी दुसरी वहीही खोक्यात ठेवली. मग त्यांनी मान तिरकी केली. असं केलं की समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना कडेने दिसे.

"मी त्या माणसाला चारचौघांत नाही नाही ते बोलले. तेव्हा तू कुठे होतीस?"

"पलीकडच्या टेबलावर."

"काय करत होतीस?"

"आठवत नाही."

"मला आठवतंय. काकडी सोलत होतीस. सोललीस, चकत्या केल्यास आणि खाल्लीस. दिसत नाही मला, पण ऐकू येतं." बाईंनी सुतळी ओढून घेतली. "मग? संचालकांकडे गेली होतीस?"

तिने सगळं सांगितलं. काठाचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"म्हणजे दोनदा," बाई म्हणाल्या. "एकदा न ओळखता आणि एकदा ओळखून."

तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस. मला तुझी दया येईल आणि ती मला आत्ता यायला नकोय." बाईंनी सुतळीला गाठ मारली, दातांनी तोडली. "पहिल्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही. त्या कागदाला मीही दोनच दिले असते. शिकवणारी मीच, लिहिणारी मीच, तक्रार कुणाकडे करू? दुसऱ्याबद्दल म्हणते. नुसत्या डोळ्यांनी तेज ठरवता येतं का अजून तुला, की मोठ्या यंत्रांच्या नादात विसरलीस?"

"येतं."

"यंत्राची सर नाही यायची. पण काहीच नसण्यापेक्षा बरं. ग्रहण सुटेपर्यंत, आकाश स्वच्छ असेल तो प्रत्येक दिवस. ऋतूप्रमाणे कधी संध्याकाळी, कधी पहाटे. तो सूर्याबरोबर असतो ते महिने सोडून एकही दिवस चुकवायचा नाही. मला डोळा असता ना, तर तुझ्या तोंडाकडे बघितलंही नसतं."

"बाई, दक्षिणेतल्या त्या वेधशाळेतून तो तारा धड दिसतच नाही."

"कुठला तारा कुठून दिसतो, हे तू मला सांगू नकोस."

खाली रस्त्यावर सामान नेणारा टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"करते," ती म्हणाली. "शब्द देते."

"दे. आणि मला येऊन सांगायचं नाही. वही भरली की लिपिकाबरोबर पाठवायची, तो वाचेल. अडखळत वाचतो, पण वाचू दे. तुझा आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही." बाई भिंतीला धरून उठल्या. "त्या माणसाची माफी मी मागेन. तुझं नाव सांगून मागेन. तू जायचं नाहीस. जाऊन आलीस की तुझं तुला हलकं वाटेल. ते मला नकोय."

दोन दिवसांनी तिने दक्षिणेला जाणार नसल्याचं दोन ओळींचं पत्र दिलं. संचालकांचा लगेच फोन आला.

"आता? अगं, आदेश निघाला. तुझी जागा आता कुणालाच मिळणार नाही, खात्यात परत जाईल. तेव्हा बोलली असतीस तर दुर्बीण तरी वाचली असती. आता यात कुणाचं भलं होणार?"

"कुणाचंच नाही, सर."

"मग कशासाठी हा उद्योग?"

संचालकांनी फोन ठेवला. कॉरिडॉरमध्ये कृष्णविवर समोरून आला, तिच्याकडे न बघता भिंतीच्या कडेने गेला. त्याच्या टेबलावर आता पुन्हा ताटं येऊ लागली होती. तिचं टेबल रिकामं असे.

घरी नवरा बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होता. दवाखान्याच्या किल्ल्या तो मित्राला देऊन बसला होता, त्या परत मागायला उद्या जाणार होता.

"मला एका शब्दाने विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. आणि बाईंनी काय, माफ केलं?"

"नाही."

"करतील पुढे?"

"नाही करणार."

त्याने तिचा एक स्वेटर हातात घेतला. मग कपाटात न ठेवता त्याने तो पलंगावर टाकला आणि दुसऱ्या खोलीत गेला. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

ग्रहणाला अजून चार महिन्यांचा अवकाश होता. पण त्याआधीचं तेज तिच्या डोळ्यांनी मोजलेलं नसेल, तर पुढचं तेज ताडून बघायचं कशाशी? बाहेर दिवस नुकताच मावळला होता. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते, कुणीतरी वाळलेले कपडे काढून नेत होतं. आभाळ स्वच्छ होतं. तिने पलंगावरचा स्वेटर चढवला, कोरी वही आणि पेन्सिल घेतली आणि आवाज न करता गच्चीच्या जिन्याकडे निघाली.