मुक्ताबाईची अंघोळ

झुंबरबाईंनी बंबाची तोटी सोडली, तर बादलीत नुसते थेंब पडले.

"बघा हिचे धंदे!" शेजारच्या दोन घरांत ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या. "सासूच्या अंघोळीचं पानी उचलून नेलं, आन् ते बी कुनाच्या दारात? जिनं आमच्या पोराला जेलात घातलं तिच्या दारात!"

 दोन्ही घरांची दारं लोटलेली होती आणि दारांमागे बाया होत्या, हे झुंबरबाईंना ठाऊक होतं. पहाटे चर्चची घंटा वाजली आणि मुक्ताबाई गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांनीच ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं, आपल्यातलं कुणी तिकडे फिरकायचं नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं. वस्तीत झुंबरबाईंचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता. आज पडला, तोही त्यांच्याच घरात. सून स्नेहल ऐकून घेऊन शांतपणे आत गेली होती, आणि मागच्या दारानं पाण्याची बादली घेऊन निघून गेली होती.

त्यांनी पदर खोचला, पायात चपला सरकवल्या आणि सुनेला हाताला धरून आणायला त्या निघाल्या.

त्यांच्या मुलानं, हर्षलनं, दारूच्या नशेत पिकअप चालवली होती. श्रीरामपूरच्या रस्त्यावर सायकलवरचा माणूस तिच्याखाली गेला, आणि हर्षल थांबला नाही. कडेच्या घासाच्या वाफ्यात मुक्ताबाई खुरपत होती. वस्तीनं एका तोंडानं "आमी काय बगितलं न्हाई" म्हणायचं ठरवलं, तेव्हा ती एकटी झुंबरबाईंच्या दाराशी आली होती.

"बाई, रात्रभर प्रार्थना केली," ती म्हणाली होती. "देव म्हनतो खरं सांग. मला दुसरं सांगता यायचं न्हाई."

"मग देवाच्याच घरी जेव जा," झुंबरबाई म्हणाल्या होत्या.

तिनं कोर्टात खरं सांगितलं. त्यानंतर वस्तीत तिला कुणी चहाला बोलावलं नाही. उपासनेला ती शेवटच्या बाकावर बसायची, आणि त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. प्रभुभोजनाचा प्याला तिच्याकडे सगळ्यांत शेवटी जायचा. ती तो दोन्ही हातांनी धरायची, प्यायची आणि एकटीच घरी जायची.

मुक्ताबाईच्या पत्र्याच्या घरापुढे निंबाखाली पाळकसाहेब आणि चारपाच पुरुष उभे होते. शवपेटी आणलेला टेम्पो उन्हात तापत होता. सुप्याच्या फॅक्टरीतला तिचा मुलगा श्रीमंत पायरीवर गुडघ्यांत मान घालून बसला होता. झुंबरबाईंना बघून पुरुष बाजूला सरकले. 

"बाया कुटं गेल्या?" श्रीमंतनं मान वर न करता विचारलं. "माझ्या आईनं कुनाच्या मयताला पाय मागं घेतला न्हाई, मावशी."

झुंबरबाई त्याला ओलांडून आत गेल्या.

खाटेवर मुक्ताबाई होती. स्नेहल तिच्या पायाशी वाकून उभी होती, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, केस कपाळाला चिकटलेले. हनुवटीचा फडका तिनं सैल बांधला होता. मान एका बाजूला कलंडली होती. या वस्तीतल्या एकूण एक म्हाताऱ्यांना झुंबरबाईंनी आपल्या हातानं न्हाऊ घालून मातीला दिलं होतं. असलं वेंधळं काम त्यांना बघवेना.

"चल घरी."

"झालं की येते, आत्याबाई."

"नवरा कुनामुळं आत बसलाय, इसरलीस?"

स्नेहलचा हात थांबला. "न्हाई इसरले. दारूमुळं बसलाय."

"जिभेला हाड न्हाई तुझ्या!"

"ते आत गेल्यापास्नं रोज देवाला इचारते, मला कशाला ठिवलंस? पोर न्हाई, बाळ न्हाई, नवरा असून नसल्यावानी. काय बी उत्तर येत नव्हतं. लई राग यायचा. आज घंटा झाली आन् एवढंच मनात आलं, जा, तिला अंघोळ घाल." तिनं साबणाचा फडका पिळला. "दुसरं काय बी आलं न्हाई. बरं वाटंल असं बी काय आलं न्हाई."

"आन् मी जाऊ नको म्हनले ते?"

"ते बी ऐकू आलं."

 बाहेर कुणीतरी खोकलं. स्नेहल पुन्हा वाकली आणि मुक्ताबाईचे गुडघे चोळू लागली. दोन्ही गुडघ्यांवर वाटीएवढे काळे डाग होते. तिनं फडक्याला आणखी साबण लावला, जोर केला, नखानं खरवडून पाहिलं. डाग हलेनात.

"किती मळ साचलाय," ती पुटपुटली. "आजारात कुनी बगाय नव्हतं वाटतं."

झुंबरबाई पुढे झाल्या. वाकून बघायला त्यांना खाटेचा आधार घ्यावा लागला. डागांवर बोट ठेवलं. कातडी जनावराच्या खुरासारखी कडक लागली. त्यांच्या आईचे गुडघे असेच होते. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पहाटे तासन्‌तास टेकलेले. झुंबरबाई स्वतः गेली कित्येक वर्षं खुर्चीवर बसून प्रार्थना करत होत्या.

"घासू नको."

"पर निगंना..."

"निगायचं न्हाई ते. मळ न्हाई त्यो."

स्नेहलनं फडका बाजूला घेतला. झुंबरबाईंनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला, पाण्यात बोटं बुडवून बघितली आणि हनुवटीचा फडका सोडून नीट घट्ट बांधला. मग डावा तळहात कलंडलेल्या मानेखाली घातला. हे तोंड त्यांनी इतकी वर्षं जवळून बघितलं नव्हतं. गालफडं बसली होती. डोकं हलकं होतं, वाळलेल्या दुधी भोपळ्यासारखं.

मयताशी बोलल्याशिवाय पाणी घालायचं नसतं, असं त्या आजवर प्रत्येक बाईला शिकवत आल्या होत्या. त्यांचे ओठ दोनदा हलले.

"मुक्ताबाई," त्या म्हणाल्या, "पानी घालते गं."

पाणी केसांतून खाटेखाली गेलं. स्नेहलनं तोंड फिरवून बाहीला डोळे पुसले. झुंबरबाईंचे डोळे कोरडेच होते. दोघींनी मिळून अंग पुसलं, पांढरं पातळ नेसवलं, हात छातीवर जुळवले.  सगळं आवरल्यावर झुंबरबाईंनी दार अर्धं उघडलं आणि पुरुषांना पेटी आत आणायची खूण केली. वस्तीतली दारं अजून लोटलेलीच होती. ती बघत त्या उंबऱ्यात थांबल्या, आणि मग सुनेकडे वळल्या.

"हट्टी हाईस तू. हात बी जड हाय तुझा. तरी माझ्या वक्ताला तूच ये. त्या सगळ्या माझ्या भ्यानं घरात बसल्यात, त्यातल्या एकीचं बी पानी मला नको."